होस्टिंगवाल्याचं खरं वय

मीरा-भाईंदर रोडवरून हाटकेश उद्योगनगरात वळलं की दोन्ही बाजूंना गाळेच गाळे. स्टीलची भांडी, पॅकिंगचे खोके, छपाई, यंत्रांचे सुटे भाग. अशाच एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून मी या मंडळींच्या वेबसाइट सांभाळतो. खरं तर वेबसाइटचं यांना फारसं कौतुक नसतं. यांना हवा असतो स्वतःच्या कंपनीच्या नावाचा ईमेल. ऑर्डर त्यावर येते, बिल त्यावरून जातं, बँकेचं पत्र त्यावर येतं. हा ईमेल ज्याच्या सर्व्हरवर असतो तो होस्टिंगवाला. तो बसला की धंदा बसला. म्हणून शेठ मंडळी दर विचारायच्या आधी विचारतात, "कंपनी किती जुनी?"

हा प्रश्न होस्टिंगवाल्यांनाही पाठ झालेला आहे. त्यामुळे जो तो ‘गेली वीस वर्षे आपल्या सेवेत’ असं छापतो. छापायला काही पडत नाही. इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय, की वय तपासायचं ते म्हातारी कंपनी शोधायला नाही, खोटं बोलणारी पकडायला. स्वतःच्या वयाबद्दल थाप मारणारा माणूस ‘रोज बॅकअप घेतो’ हे खरं सांगत असेल, यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. तर ही तपासणी मी कशी करतो ते पुढे.

१. आधी देशाचं पंचांग बघा.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. खासगी कंपन्यांना ही सेवा द्यायची मुभा मिळाली १९९८ मध्ये. त्यामुळे कोणी भारतात ‘१९९१ पासून वेब होस्टिंग’ म्हणत असेल तर तो तेव्हा कॉम्प्युटर विकत असेल, टायपिंगचे क्लास घेत असेल, वडिलांचं झेरॉक्सचं दुकान असेल. होस्टिंग नक्की नव्हतं. वेबचं तंत्रच सगळ्या जगाला फुकट खुलं झालं एप्रिल १९९३ मध्ये. या एका हिशेबात बरेचसे शूरवीर गळतात.

२. डोमेनला जन्मतारीख असते, पण ती जन्मतारीख कोणाची, हे विचारा.

प्रत्येक डोमेनची नोंद कोणालाही फुकट बघता येते. पूर्वी ती ‘हू-इज’ नावाने मिळायची. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी तिची जागा अधिकृतपणे ‘आरडॅप’ने घेतली. बघणाऱ्याला फरक पडत नाही, नाव टाकायचं आणि वाचायचं. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा खासगीपणाचा कायदा आला तेव्हापासून मालकाचं नाव-पत्ता बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो. तारखा मात्र उघड्या राहिल्या. नोंदणी कधी झाली, शेवटचा बदल कधी झाला, मुदत कधी संपते, या तीन ओळी आपल्याला पुरतात.

डॉट इन वाल्यांसाठी एक जादा खूण. ही नावं सगळ्यांसाठी खऱ्या अर्थाने खुली झाली २००५ मध्ये, निक्सी या संस्थेमार्फत. तोवर हे काम आपल्या मुंबईतच, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होतं आणि नाव मिळवणं म्हणजे अर्ज-पुराव्यांची यातायात होती. देशभरात मिळून काही हजार नावं, बस्स. म्हणून कोणाकडे २००५ च्या आधीचं डॉट इन दिसलं की मी जरा सरसावून बसतो.

आता गोम. नावाची मुदत संपली, मालकाने पैसे भरले नाहीत आणि नाव पूर्ण खोडलं गेलं, की पुढच्या माणसाला ते नव्या तारखेने मिळतं. पण खोडलं जाण्याआधीच लिलावात कोणी उचललं तर जुनी तारीख तशीच चालू राहते. म्हणजे १९९९ ची जन्मतारीख काल धंद्यात उतरलेल्या पोराला विकत मिळू शकते. असे लिलाव रोज होतात आणि ‘जुनं नाव’ म्हणून जादा पैसे मोजणारेही असतात. उलटही घडतं: कंपनी खरोखर जुनी, पण तिने नाव बदललं म्हणून डोमेन तीनच वर्षांचं. तेव्हा ही तारीख एकटी कधीच बघू नये.

३. मुखपृष्ठ आजचं नको, तेव्हाचं बघा.

हे माझं सगळ्यात आवडतं काम. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबसाइटचे जुने फोटो काढून ठेवतेय. २००१ पासून ते ‘वेबॅक मशीन’वर कोणालाही बघता येतात. होस्टिंगवाल्याचा पत्ता तिथे टाकायचा. वर वर्षांची पट्टी येते, खाली कॅलेंडर. मी सगळ्यात पहिला फोटो उघडतो, मग दर दोन-तीन वर्षांनी एक.

काय शोधायचं? पहिलं, तिथे होस्टिंगच विकलं जात होतं का. एका कंपनीचं २००३ चं पान उघडलं तर लग्नाच्या पत्रिका छापून मिळतील, असं लिहिलेलं. २००९ ला ‘हे नाव विकणे आहे’. २०१६ ला एकदम ‘भारतातील विश्वासू होस्टिंग, दोन दशकांचा अनुभव’. तारीख खरी होती, अनुभव पत्रिकांचा होता.

दुसरं, जागेचे आकडे. पंचवीस वर्षांपूर्वी पंचवीस-पन्नास एमबी जागा विकत मिळायची आणि तिचीही ऐट असायची. जुन्या पानावर तेव्हाचे असे आकडे, तेव्हाचे दर, डायल-अपचे उल्लेख दिसले की समजावं, माणसं खरंच तिथे होती. मराठी मजकूर असलेली जुनी पानं तर लगेच ओळखू येतात. युनिकोड रुळण्याआधी जो तो आपापला फॉन्ट वापरायचा, त्यामुळे आज ते पान उघडलं की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. शेजारच्या पोराला वाटतं साइट हॅक झाली. मला तो कचरा बघून बरं वाटतं. नकली जुनेपणा करणाऱ्याला हे सुचणारच नाही.

तिसरं, ‘आमच्याविषयी’ हे पान. दर काही वर्षांनी स्थापनेचं साल मागे सरकत गेलेलं मी पाहिलेलं आहे. २०१२ च्या पानावर ‘स्थापना २००८’, २०१७ च्या पानावर ‘२००४’, आणि आज ‘१९९९’. माणसं वय लपवतात, या कंपन्या वाढवतात.

फोटो सापडला नाही म्हणून कोणाला खोटं ठरवू नका. अर्काइव्ह सगळंच टिपत नाही आणि काही साइट स्वतःच नकार देतात.

४. खाली लिहिलेल्या सालावर भरवसा नाही.

पानाच्या तळाशी ‘१९९८ ते चालू वर्ष’ असा स्वामित्व हक्काचा उल्लेख असतो. चालू वर्ष आपोआप बदलावं म्हणून एक ओळीचा कोड असतो, आणि १९९८ कोणीतरी हाताने टाइप केलेलं असतं. ‘शंभर वर्षांहून अधिक अनुभव’ असंही एकाकडे वाचलं. चौकशी केली तर सगळ्या नोकरांच्या वर्षांची बेरीज होती.

५. कंपनीच्या नंबरात साल लिहिलेलं असतं, वाचायला शिका.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिला एकवीस खुणांचा सीआयएन असतो, आणि कंपनी कायद्याप्रमाणे तो लेटरहेडवर आणि बिलावर छापावाच लागतो. पहिलं अक्षर यू किंवा एल, म्हणजे शेअर बाजारात नाही किंवा आहे. पुढचे पाच आकडे धंद्याच्या प्रकाराचे. मग दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्राची एमएच. त्यानंतरचे चार आकडे हे कंपनी नोंदवल्याचं साल. मग पीटीसी किंवा पीएलसी आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. शेठना मी बिलावर बोट ठेवून दाखवतो: एमएच, त्यानंतर २०१९, आणि वर बोर्डावर ‘१९९९ पासून’. आता बोला!

धंद्याचे पाच आकडेही वाया घालवू नका. जुन्या वर्गवारीत संगणकाची कामं ७२ पासून सुरू होत, नव्या वर्गवारीत ६२-६३ पासून. साल जुनं पण आकडे भलत्याच धंद्याचे असतील, तर कंपनी आधी दुसरंच काही करत होती किंवा कोणाची तरी पडून असलेली जुनी कंपनी विकत घेतलेली आहे. बंद पडलेल्या कंपन्यांची अशी खरेदी बेकायदा नाही, पण तिचं वय स्वतःचं म्हणून मिरवणं हे जरा जास्तच. नाव बदललं असेल तर दोन वर्षं जुनं नावही सोबत छापायचा नियम आहे.

एलएलपी असेल तर सोपं आहे. हा प्रकारच आपल्याकडे २००९ मध्ये सुरू झाला.

६. जीएसटीची तारीख बघून घाबरू नका.

हा प्रसंग वरचेवर येतो. कोणीतरी जीएसटीच्या पोर्टलवर होस्टिंगवाल्याचा नंबर टाकतो आणि मला फोन करतो, "दादा, हे तर २०१७ चे निघाले!" जीएसटीच सुरू झाला १ जुलै २०१७ ला. त्याआधी कर भरत असलेल्या सगळ्यांची नोंद बहुधा त्याच तारखेची दिसते, मग ती कंपनी टाटांची असो की गाळा नंबर अमुकची. म्हणून १ जुलै २०१७ ही तारीख दिसली तर उलट चांगलं. माणूस बहुधा त्याआधीपासून कराच्या कागदावर होता. त्यानंतरची तारीख असेल तर विचारा, आधी काय चाललं होतं. उलाढाल मर्यादेच्या आत होती, असं उत्तर असू शकतं आणि ते खरंही असू शकतं.

याच नंबरात सहावं अक्षर बघा. पी असेल तर एकट्या माणसाचा धंदा, सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी. बोर्डावर ‘ग्रुप ऑफ कंपनीज’ आणि नंबरात पी, हे मीरा रोडला नवं नाही. एकट्या माणसाच्या धंद्याला मी नावं ठेवत नाही, माझाही तसाच आहे. फक्त त्याला सीआयएन नसतो, मग गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, मागा. त्यातही डिसेंबर २०१७ नंतर मोजकीच माणसं असलेल्या दुकानांना परवान्याऐवजी नुसती सूचना द्यावी लागते, त्यामुळे नव्यांकडे जुन्यासारखा परवाना नसेल.

पोर्टलवर खाली रिटर्न भरल्याची यादी असते. ती मी वयापेक्षा बारकाईने वाचतो. सलग सहा महिने रिकामे दिसले तर कंपनी पन्नास वर्षांची असली तरी मला नको.

७. जुनं बिल मागा आणि कराची ओळ वाचा.

हे मी आमच्या लाइनीतल्या एका अकाउंटंट काकांकडून शिकलो. होस्टिंगवाल्याला म्हणायचं, तुमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाचं एक बिल दाखवा, नाव-पत्ता झाकून दाखवलंत तरी चालेल. काका बिलावरची तारीख बघतच नाहीत, सेवाकराचा दर बघतात. फेब्रुवारी २००९ ते मार्च २०१२ पर्यंत उपकर धरून १०.३ टक्के. एप्रिल २०१२ पासून १२.३६. जून २०१५ पासून १४, त्याच नोव्हेंबरात स्वच्छ भारत उपकर लागून १४.५, जून २०१६ पासून कृषी कल्याण धरून १५. आणि जुलै २०१७ पासून जीएसटी १८.

एकाने २०१०चं म्हणून बिल पाठवलं. कागद पिवळट, शिक्का पुसट, सगळं झकास. कर १८ टक्के. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण त्याचा बाप सेवाकरात नव्हता." आम्ही त्या पोराला परत फोन केला नाही.

८. पाटी तीच राहते, हात बदलतात.

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, आणि यात कोणी खोटंही बोललेलं नसतं.

मुंबईचंच उदाहरण घ्या. तुरखिया बंधूंनी, भाविन आणि दिव्यांक यांनी, १९९८ मध्ये डायरेक्टी काढली. रिसेलरक्लब त्यांचं, २०१० ला आलेलं बिगरॉक त्यांचं. आपल्या भागातल्या कितीतरी छोट्या वेबसाइटवाल्यांनी रिसेलरक्लबकडूनच माल घेऊन धंदा मांडला. २०१४ मध्ये डोमेन-होस्टिंगचा हा सगळा धंदा अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेला. त्याच एन्ड्युरन्सने ब्लूहोस्ट २०१० मध्ये आणि होस्टगेटर २०१२ मध्ये घेतलेलं होतं. २०२१ मध्ये एन्ड्युरन्सचा हा विभाग वेब डॉट कॉमशी एकत्र झाला आणि न्यूफोल्ड डिजिटल असं नवं नाव आलं. आता सांगा, यांचं वय काय धरायचं? ब्लूहोस्टचं २००३, होस्टगेटरचं २००२, डायरेक्टीचं १९९८ की न्यूफोल्डचं २०२१? बोर्ड न बदलता खानावळीचा आचारी बदलला, तर चव कोणत्या सालापासून मोजायची, तसा हा प्रश्न आहे.

मुंबईतलीच नेटमॅजिक, शरद संघी यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली. २०१२ मध्ये जपानच्या एनटीटीने तिचा मोठा हिस्सा घेतला आणि आज ती एनटीटीच्याच नावाने ओळखली जाते. उलट नाशिकची ईएसडीएस २००५ ची. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत डेटा सेंटर, पियूष सोमाणी यांनी काढलेली आणि तेच चालवतात. वयाने ती नेटमॅजिकपेक्षा लहान, पण त्याच हातात राहण्याचा काळ मोजला तर सलग.

कंपनी विकली गेली म्हणजे वाईट झाली, असं मी म्हणत नाही. मोठ्या मालकाकडे पैसा असतो, सर्व्हर नवे येतात. पण रात्री फोन उचलणारी माणसं बदलतात आणि दुसऱ्या वर्षीचे दरही बदलतात. शेठना हवं असतं ते त्या माणसांचं वय. म्हणून मी विचारतो, "आत्ताची माणसं कधीपासून आहेत?" या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा होस्टिंगवाला मला आवडतो.

आणि दोन वेगळ्या कंपन्यांकडे दोन साइट ठेवून ‘एक बुडाली तरी दुसरी आहे’ अशा समाधानात असाल तर दोघींचा मालक एकच नाही ना, एवढं बघून घ्या.

९. माल कोणाच्या गोदामातला?

आपल्याकडचे पुष्कळसे होस्टिंगवाले दुसऱ्याकडून जागा घाऊक घेऊन किरकोळ विकतात. त्यात गैर काही नाही. पण मग वय दोघांचं तपासावं लागतं. साइटचा आयपी पत्ता काढून त्याची नोंद कोणाच्या नावावर आहे ते बघा. भारतातल्या बऱ्याचशा पत्त्यांची नोंद इरिन ठेवते, २०१२ पासून. तिथे भलत्याच कंपनीचं नाव दिसलं की तुमचा होस्टिंगवाला घाऊकवाल्याचं गिऱ्हाईक आहे.

या किरकोळ विक्रेत्यांची खरी परीक्षा २०१९ मध्ये झाली. खाती सांभाळायला बहुतेक जण जे सीपॅनेल नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या कंपनीने त्या वर्षी दर सर्व्हरमागे घ्यायचा सोडून खात्यांमागे घ्यायला सुरुवात केली. स्वस्तात शेकडो खाती कोंबून विकणाऱ्यांचं गणित कोसळलं. काहींनी दर वाढवले, काही दुसऱ्या पॅनेलवर गेले, काही गुपचूप बंद झाले. आमच्या एका खोकेवाल्याचा होस्टिंगवाला असाच दिवाळीच्या ऐन मोसमात गेला. फोन बंद, घाऊकवाला म्हणतो आमचा तुमच्याशी संबंध नाही. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो, "२०१९ ला काय केलंत?" जो तेव्हा धंद्यात होता त्याला हा प्रश्न लागतो. तो कपाळाला हात लावून पाच मिनिटं बोलतो. जो नव्हता तो म्हणतो, "काही नाही, सगळं स्मूथ."

१०. आणि जुना असला तरी बुडतो.

दिल्लीची नेट फोर इंडिया या धंद्यातलं मोठं, जुनं नाव होतं. वरच्या सगळ्या तपासण्यांत ती आरामात पास झाली असती. मार्च २०१९ मध्ये कर्जापायी तिची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. हजारो ग्राहकांची डोमेन अडकली. नूतनीकरण होईना, दुसरीकडे हलवता येईनात, फोन कोणी उचलेना. शेवटी २०२१ मध्ये जगभरच्या डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने तिची मान्यता काढली आणि तिच्याकडची नावं पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे, म्हणजे मूळच्या त्याच डायरेक्टीच्या शाखेकडे, सोपवली. त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या १९९९ सालच्या कंपनीची अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला.

तेव्हा कंपनी कितीही जुनी असो, माझ्या गिऱ्हाइकांसाठी तीन गोष्टी मी सोडत नाही. डोमेन एकीकडे, होस्टिंग दुसरीकडे. महिन्याला एक बॅकअप आपल्या गाळ्यातल्या डिस्कवर. आणि तीन वर्षांचे पैसे एकदम भरून सूट घ्यायची नाही, होस्टिंगवाला कितीही गोड बोलला तरी.

११. दोन वर्षांचा पोरगा चालेल.

अलीकडे एका गिऱ्हाइकाला मी दोनच वर्षं जुन्या कंपनीकडे नेलं. भाईंदरचेच तिघे. विचारल्यावर पहिल्या वाक्यात म्हणाले, "सर, आम्ही २०२३ चे. सर्व्हर आमचे नाहीत, मुंबईतल्या डेटा सेंटरमधले भाड्याचे आहेत." सीआयएन तेच सांगत होता, डोमेन तेच, जीएसटीही तेच. शेठ जरा नाराज होते, त्यांना पाटीवर ‘१९९९’ हवं होतं. मी त्यांना समजावलं आणि काम दिलं.

तुमच्या धंद्याचा ईमेल ज्या डोमेनवर चालतो, ते डोमेन आज कोणाच्या नावावर आहे आणि कधी संपतंय, एवढं हे वाचून झाल्यावर बघून घ्या. ऑफिसातला पोरगा नोकरी सोडून गेला आणि डोमेन त्याच्या जीमेलवर राहिलं, अशी तक्रार घेऊन माणसं माझ्याकडे दर महिन्याला येतात.